केळीचं सरपण

ती घटना आजही आठवली की मी ताटातली मासळी आधी नाकाशी नेतो. मी तेव्हा फौजदार होतो आणि माझ्या नाकाची ख्याती अशी होती, की गिरणाकाठचे चोर साबण लावून आंघोळ केल्याशिवाय घर फोडायला निघत नसत. पण या प्रकरणात खबर दिली ती दुसऱ्याच नाकाने.

बाजाराच्या दिवशी मासळी विकणारी एक अक्का टोपली घेऊन थेट ठाण्यात शिरली. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर धुरी दिलेला मासा आपटून म्हणाली, "सायेब, याले जयेल चप्पलना वास येस. गिऱ्हाईक मना तोंडवर फेकतस!"

मी हुंगलं. चप्पल नाही, अख्खं चपलांचं दुकान जळालं होतं. ठाण्यातल्या मांजरानेही तोंड फिरवलं.

माल कुठून घेतला ते अक्कानेच सांगितलं. आम्ही पंच घेऊन नदीकाठच्या भट्टीवर गेलो. धूर इतका काळा, की त्यातून गेलेला बगळा पलीकडे कावळा होऊन उतरला, शपथेवर सांगतो. भट्टीवाल्या म्हाताऱ्याला, नाना म्हणू त्याला, ठाण्यात आणून बसवलं.

"नाना, भट्टीत काय जाळता?"

"सरपन, सायेब."

"कसलं?"

"केयीनं."

मी खुर्चीतून उठलोच. खान्देशात जन्मलेल्या माणसाला केळीचं सरपण सांगतो! केळीचं खोड म्हणजे उभं पाणी, ते पेटवायला निघालेला माणूस काडेपेट्या संपवून म्हातारा होईल. खोटारडा सापडला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"केळ कधीपासून जळायला लागली?"

"केय नही हो सायेब! केयीना वावरमधल्या नया. ठिबकन्या. सावद्याकडथून गाडी भरी येतस. वावरमधलं ते बठ्ठं केयीनंच शे ना!"

ठिबकच्या जुन्या प्लास्टिकच्या नळ्या! केळीच्या वावरातलं सगळं ते केळीचंच, असा त्याचा हिशेब. फुकटात मिळतात, भडभडा पेटतात. म्हातारा खोटं बोलतच नव्हता.

तरी मी माझा ठेवणीतला डाव टाकला. त्याच्याच भट्टीतला मासा पुढे ठेवला. "खा." विष घालणारा हात मागे घेतो, हा माझा अनुभव. नानाने आनंदाने तो खाल्ला, काटे चोखले आणि म्हणाला, "मनी सून पोटशी शे. तिले रोज याच देतस आम्ही. अंगले लागस."

अन्न विभागाचे निरीक्षक नमुना घ्यायला आले होते. त्यांनी त्याला समजावलं, की प्लास्टिकच्या धुरातली रसायनं मासळीच्या तेलात मुरतात. आज पोट दुखत नाही, उलटी होत नाही. शरीरात साठत जातात, पुढे कर्करोगाचा धोका वाढवतात, आईकडून पोटातल्या बाळापर्यंतही जाऊ शकतात.

नाना उभा राहिला, परत बसला, परत उठला. "सायेब, पोटमधल्या बायले काय व्हई?"

निरीक्षकांनी नमुन्याच्या पिशवीला सील लावायला घेतलं.

गुन्हा नोंदवला, भट्टी विझवली. जप्त केलेली मासळी पुरताना नाना स्वतः फावडं घेऊन आला. मग नळ्या पुरवणाऱ्यांची नावं त्याने न विचारता सांगितली. सुनेला मी सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, ही मासळी आजपासून बंद करा; खाल्लेल्याचं आज काही सांगता येत नाही.

काही महिन्यांनी नानाला नात झाली. रडणं असं, की नदीपलीकडचे कुत्रे गप्प झाले. नाना पेढे घेऊन आला, पण दारातच घुटमळला. "सायेब, आते मिटनं ना बठ्ठं?"

आयुष्यभर मी पंचनाम्यात गुन्ह्याची वेळ लिहीत आलो. या प्रकरणाने शिकवलं, की काही गुन्ह्यांची वेळ पुढे कुठेतरी असते, आणि तोवर माणसाला हसऱ्या पोरीकडे बघत वाट पाहावी लागते. हे नानाला कसं सांगणार? मी पेढा घेतला आणि म्हणालो, "पोरीचं नाव काय ठेवलं?"