लाइनवाले साहेब

आदिलाबाद टाउनच्या पोलिसांच्या या मोठ्या साहेबांना वाकडं काही खपतच नव्हतं. बसस्टँडवरचे केळीचे गाडे, टॉकीजपुढच्या सायकली, मार्केटातल्या बैलबंड्या, सगळं सरळ रांगेत पायजे. साहेब तिकडचे, समुद्राकडचे तेलुगुवाले. हिंदी बोलले की शब्द गोट्यांसारखे घरंगळायचे. "सीधा लाइन! बैल को बोलो, सीधा!" आमी त्यांना लाइनवाले साहेब म्हणू. गोष्ट नव्वदच्या आसपासची.

माणूस चांगला की वाईट, ते गावाला समजलंच नाही. आमदाराच्या साळ्याची जीप त्यांनी भर रस्त्यातून उचलली, तर लोकांनी हार घातले. आठ दिवसांनी गरिबांचे गाडे उचलले, तर बदलीसाठी अर्ज निघाला. मंग बदली होऊ नये म्हणून दुसरा अर्ज. माह्या काकानं दोन्हीवर सह्या केल्या. "काऊन जी काका?" म्हटलं, तर म्हणे, "दोन्ही खरंच हाय ना बे!"

मी तेव्हा कॉलेजात. साहेबांची नक्कल करावी तर मीच. एकदा त्यांनी ठाण्यात बोलावून समोर करायला लावली. मी पोट पुढं काढून केली. ते गंभीरपणे म्हणाले, "पेट थोडा कम निकालो. बाकी ठीक."

त्या हंगामात मार्केट यार्डातला वजनकाटा बिघडला. कापसाच्या बंड्या दोन दिवस अडकल्या. लोक चिडले, फाटकावर रेटारेटी सुरू झाली. साहेब पलीकडं जीपजवळ. काकाच्या बंडीवर बसून, दोस्तांना हसवायला म्हणून, मी त्यांच्या आवाजात ओरडलो, "हटाओ सबको!" अन् शिपायांच्या काठ्या सुरूच झाल्या. फाटकापुढं उभ्या काकाचं मनगट मोडलं; ओरडलं कोण, ते त्याला कळलंच नाही.

वरून चौकशी आली. शिपाई एकच सांगत, "साहेबांचा आवाज आयकला." साहेबही तेव्हा ओरडले होते का? मला तेव्हा समजलं नाही, अजून समजत नाही. दोन दिवस कॉलेजात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. "साब, वो आवाज..."

साहेबांनी हात वर केला. "हुकूम मेरा था. लिख के दे दिया. तुम कॉलेज जाओ."

मला वाचवलं, का खरं तेच सांगितलं? विचारायची हिंमत झाली नाही.

बदली झाली. ठाण्यापुढं काही लोक हार घेऊन, काही शिव्या देत. काका प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून शिव्यावाल्यांत. साहेबांची जीप वळणावर गेली तसा तो मला म्हणाला, "कर बे त्याची नक्कल एकदा. जीव तरी थंड होईल माहा."

माह्या तोंडून आवाजच निघाला नाही.