रुमालाखालचा हात

सांगलीच्या हळदपेठेत जुन्या माणसांपैकी कुणी दफेदाराचं नाव काढलं, तर एवढंच बोलतं की तो रेसच्या खेळात लबाडी करताना सापडला. असं बोलणारेही आता थोडेच उरलेत. दफेदार गेला, मास्तर गेले, शेठही गेले. काय घडलं ते ठाऊक असलेला मी एकटा राहिलो आहे, म्हणून हे लिहितो.

सत्तरच्या दशकात मी एका अडत दुकानात दिवाणजी होतो. शेतकऱ्याची हळद दुकानात उतरायची, व्यापारी यायचे, आणि सौदा रुमालाखाली व्हायचा. व्यापारी माझा हात हातात घेई, वर रुमाल टाकी आणि बोटं दाबून भाव सांगे. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. सगळ्यांचे हात घेऊन झाले की मी शेठकडे जायचो. ते नुसता हात पुढे करायचे, रुमाल टाकायचे आणि कुणाचा भाव हवा त्याचं नाव घ्यायचे. मी बोटं दाबायचो. दिवसभर हेच काम. त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेठना घोड्यांचा नाद होता. पावसाळ्यात पुण्याला शनिवार-रविवारी हिरवळीवर शर्यती व्हायच्या. शुक्रवारी सकाळी पुण्याचं वर्तमानपत्र एस.टी.नं यायचं, त्यात घोड्यांची यादी असायची. ती गादीवर पसरून शेठ, हायस्कुलातले गणिताचे मास्तर आणि दफेदार डोकी जुळवून बसायचे. दफेदार मूळचा औंधकडचा. घोडदळात नोकरी करून पेन्शनीत निघालेला, आमच्या पेठेतल्या गोदामांचा राखणदार. सगळ्या गोदामांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. घोड्यांविषयी तो फार बोलायचा. त्यातलं निम्मं खरं, निम्मी फुशारकी.

साताऱ्यात शेठच्या व्याह्यांकडेही असाच एक अड्डा होता. दसऱ्याच्या आधी एका शनिवार-रविवारी सातारा विरुद्ध सांगली असा सामना घ्यायचं ठरलं. पैसे लावायचे नाहीत. प्रत्येकानं प्रत्येक शर्यतीतला एक घोडा निवडायचा, ज्याचे घोडे जास्त जिंकतील तो पुढे. सातारकर हरले तर त्यांनी कंदी पेढे आणायचे, आम्ही हरलो तर भडंग द्यायचा.

एवढ्याशा खेळाची आखणी करताना जो तो दुसऱ्याकडे तिरक्या डोळ्यानं बघत होता. दफेदाराचा भाचा पुण्याला कुठल्याशा तबेल्यात आहे, असं कुणीतरी उठवलं. सातारकरांचा निरोप आला की औंधचा माणूस आमच्या जिल्ह्यातला, तो तुमच्याकडून कसा खेळतो? निवड कागदावर लिहून द्यायची म्हटलं, तर मास्तर म्हणाले, "कागद नको. पोरांचे पेपर तपासतो मी. कागद काय, हां हां म्हणता बदलतो." शेवटी ठरलं की पेठेचीच रीत बरी. शुक्रवारी प्रत्येकानं येऊन रुमालाखाली घोड्यांचे नंबर मला द्यायचे आणि सोमवारी मी ते सर्वांसमोर सांगायचे.

मास्तरांनी आणखी एक नियम काढला. "शर्यतीत चांगल्या घोड्यावर जादा वजन चढवतात, सगळे बरोबरीत यावेत म्हणून. तसे दफेदारांचे दोन गुण आधीच कापायचे."

दफेदार खूष झाला. "चार कापा की वो मास्तर! वजन चढलं म्हंजे घोड्याचा मान वाढला."

"वजन गाढवावरही चढवतात," शेठ म्हणाले.

"व्हय, पर गाढवाचं नाव पेपरात येत न्हाई."

सातारकर यायच्या आधी आपसात एक तालीम घ्यावी असं ठरलं. त्या शुक्रवारी दफेदार दुपारीच आला. माझा हात रुमालाखाली घेऊन एकेका शर्यतीचा नंबर दाबत होता आणि तोंडानं बडबडतही होता. "पाऊस लय झालाय. गवत भिजलंय. रुंद खुराचाच घोडा चालंल बघा." शाळा सुटल्यावर मास्तर आले. शेठ दिवेलागणीला, दुकान आवरताना बसले.

त्यांनी हात पुढे केला, रुमाल टाकला. मला वाटलं, आता ते बोटं दाबतील. त्यांनी दाबली नाहीत. हात सैल धरून थांबले आणि सौद्याच्या वेळी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "दफेदार?"

माझी बोटं चालली. पहिल्या शर्यतीचा नंबर मी सवयीनं दिला, हे खरं आहे. पण पुढच्याही शर्यतींचे दिले, आणि तोवर मी काय करतो आहे ते मला कळलेलं होतं. हात मी काढून घेतला नाही. मग शेठनी तेच नंबर तसेच्या तसे माझ्या हातात परत दाबले, आणि छत्री घेऊन घरी गेले.

सोमवारी निकालाचा पेपर आला. दुकानात आजूबाजूचे अडतेही जमले होते. मी तिघांचे नंबर सांगितले. शेठचे आणि दफेदाराचे काही घोडे जिंकले होते, काही हरले होते. रुंद खुराचा म्हणून दफेदारानं धरलेला घोडा तर सगळ्यात शेवटी आला होता. शेठनीही तोच धरला होता.

मास्तरांनी चष्मा काढला. "बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूकही सारखी आली, तर एकानं दुसऱ्याची बघितलेली असते. वर्गात मी असंच पकडतो."

एकानं बघितली म्हणजे कुणी, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी दफेदाराकडे बघितलं. तो दिवसभर गादीच्या आसपास असायचा, शेठ बोलता बोलता काही बोलले असतील, त्यानं कान दिला असेल. शिवाय किल्ल्या त्याच्याकडे.

"मी आदी हात दिलाय," दफेदार म्हणाला. "दुपारच्याला. दिवाणजीस्नी इचारा. सांगा की वो दिवाणजी."

शेठ हळकुंड हातात घेऊन नखानं त्याची साल खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, "रुमालाखालचं मी बाहेर सांगत नाही."

अडत्यांनी माना डोलावल्या. दिवाणजी असावा तर असा, असं एक जण म्हणालासुद्धा. वास्तविक नंबर तर मी नुकतेच सर्वांना सांगितले होते. कोण आधी आला, एवढंच सांगायचं बाकी होतं. त्यात गुपित कसलं? पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दफेदार माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "लय मोठा रुमाल हाय तुमचा."

साताऱ्याचा सामना झालाच नाही. सांगलीत खेळ सरळ नाही, असं तिकडे कळलं होतं. दफेदाराला कामावरून कुणी काढलं नाही. फक्त सकाळी गोदाम उघडताना त्याच्यासमोर पोती मोजायला लागले. मग एका दारावर दुसरं कुलूप आलं, ज्याची किल्ली मालकाकडे. मग दुसऱ्या दारावर. आमच्या गोदामासाठी शेठनी मलाच बाजारात पाठवलं. मी कुलूप आणलं, चांगलं वजनदार बघून आणलं. दुसऱ्या दिवशी दफेदारानं किल्ल्यांचा जुडगा गादीवर ठेवला आणि औंधला निघून गेला. राखणदारावर लोक एकदा कुलूप लावायला लागले की त्याला तिथं काम उरत नाही. हे त्याला आमच्याआधी कळलं.

पुढे काही वर्षांनी यमाईच्या दर्शनाला औंधला गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याला नारळाच्या दुकानापाशी तो बसला होता. म्हातारा झाला होता. "या दिवाणजी," म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं वर टाकला. तो काहीतरी नंबर दाबेल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं काहीच दाबलं नाही. हात सैल धरून बसून राहिला.

तेव्हा मला उमगलं की सांगायचं मला आहे, तो नुसता विचारतो आहे. शेठ अजून हयात होते, मी त्यांच्याच गादीवर बसत होतो. माझी बोटं हलली नाहीत.

त्यानं टॉवेल उचलून झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. "वर जाऊन या. आत्ता गर्दी न्हाई," म्हणाला.

त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर आता देतो. दफेदार दुपारी आला होता, शेठ दिवेलागणीला. दफेदारानं कुणाचे नंबर बघितले नाहीत, कुणाकडून ऐकले नाहीत. त्याचे नंबर शेठना मी दिले, याच हातानं.