तिच्या पायांना बोचत नव्हतं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं जे काय केलं, ते म्हणजे तळ्याकाठच्या लिंगाला पाणी घातलं. दुसरं काही नाही. ती पुढं, मी मागं. तिच्या हातात तांब्या, माझ्या हातात बेल. पाणी घालून ती वळली आणि फरशीवर तिची पावलं उठली. एक पाऊल पाण्याचं. दुसरं तांबडं.

मी म्हणालो, "अगं, पाय बघ तुजा."

तिनं खाली बघितलं. "कुणाचं तरी कुंकू सांडलं असंल," म्हणाली आणि चालाय लागली. "नडीरी, ऊन व्हतंय." चला म्हणायचं झालं की तिच्या तोंडात कानडीच यायची. अक्कलकोटाकडची होती. मी निघालो. लंगडत निघालो, कारण माझ्या तळव्यांना फोड आले होते. ती लंगडत नव्हती.

हे चालणं देवासाठी नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. चालणं डॉक्टरनं लावून दिलेलं होतं.

दुष्काळात रेशनच्या मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या भाकरी खाऊन सोलापुरातली आमची सगळी भवानी पेठ वाळली, ही तेवढी फुगली. चार पायऱ्या चढली की धाप. घागर उचलली की डोळ्यापुढं अंधारी. डॉक्टरनं तपासलं तर साखर निघाली. गोळ्या दिल्या आणि म्हणाला, अंगावरची चरबी उतरवा, रोज सकाळी तासभर चाला, नाहीतर अवघड आहे. मी जन्मभर गिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस. त्या खडखडाटात कान निम्मे गेले. पण हे नीट ऐकू आलं. ही चालली तर राहणार, नाही चालली तर जाणार. बाकी आजारातलं मला काही कळत नाही, आजही कळत नाही.

पण चालायचं कुठं, आणि काय म्हणून? आमच्या पेठेत बाई रस्त्यानं निघाली की तिच्या हातात काहीतरी पाहिजे. घागर पाहिजे, दळण पाहिजे, नाहीतर पोर पाहिजे. रिकाम्या हातानं हिंडणारी बाई म्हणजे एक तर येडी, नाहीतर दुसरी कसली तरी. ही पहिल्या दिवशी रिकामा डबा घेऊन निघाली. मला डबा द्यायला निघाल्यासारखी. समोरच्या म्हातारीनं ओट्यावरनंच विचारलं, मालक तर तुझ्या मागनंच चाललेत, डबा कुणाला गं? आख्खी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी ही उंबऱ्याबाहेर पडंना. चरबी उतरवाय निघाले म्हणून सांगू का लोकांना, म्हणाली.

मग तोड तिनंच काढली. सोलापूरच्या चौफेर अडुसष्ट लिंगं आहेत. कोण गल्लीत, कोण शेतात, कोण तळ्याकाठी. आमच्यात ती पुजायला लोक पायी फिरतात. तिनं ठरवलं, रोज थोडी थोडी करायची, संपली की पुन्हा पहिल्यापासनं. हातात तांब्या आला, बेल आला, मग कोण हसतंय? समोरची म्हातारीच उलट म्हणाली, माझ्या नावानं पण एक पान वाहा.

मला बरं वाटलं. देवाच्या निमित्तानं का होईना, बाई हलली.

आणि उतरली की. खोटं कशाला सांगू. महिन्या-दोन महिन्याला आम्ही लाकडाच्या वखारीत जायचो. तिथला तराजू मोठा, साखळ्यांचा. मालक ओळखीचा. ती पदर सावरून पारड्यात बसायची आणि तो विचारायचा, वैनी, जळण फोडून देऊ का अख्खंच नेताव? ती तोंडाला पदर लावायची. एकदा त्यानं दुसऱ्या पारड्यातलं एक वजन उचलून खाली ठेवलं, तरी काटा सरळ. त्या दिवशी घरापर्यंत ती हसत आली. जिना चढून मला वरनं हाक मारली, बघा, धाप न्हाय.

पोरगी मंगळवेढ्यास्नं आली होती. आईची चोळी ढिली बघून मलाच म्हणाली, "अप्पा, अव्वाला खायला घालत न्हाय काय तुमी?" एवढं बोलणं खाऊनही मी खूश होतो.

आता पायाचं सांगतो. देवाला निघाली म्हणजे अनवाणी. त्यात विचारायचं काय? तिच्याबरोबर मीही अनवाणी. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंही खडे टोचून हाय हाय करत यायचो. माझं तसंच राहिलं. गिरणीतही वहाणा घालून उभा राहिलेला मी, माझे पाय काय निबर होणार. तिचं मात्र हळूहळू थांबलं. काटा रुतला तरी तिला कळायचं नाही. उन्हाळ्यात डांबर पाघळायचं, मी सावलीसावलीनं उड्या मारत चालायचो, आणि ही मधनं सरळ. मला म्हणायची, तुमची भक्ती कच्ची.

गल्लीत ही गोष्ट झाली. अडुसष्ट लिंगं फळली, हिच्या पायांना बोचत नाही, भाजत नाही. सोमवारी बायका यायच्या आणि तिच्या पाया पडायच्या. ती आधी पाय मागं घ्यायची. नंतर नंतर घ्यायची नाही. मीसुद्धा मानलं. का नाही मानायचं? वजन उतरलेलं डोळ्यांनी बघितलं होतं, मग हेही बघितलंच होतं की.

त्या शेवटच्या दिवशी घरी आल्यावर मी तिचा पाय मांडीवर घेतला. टाचेत खिळा होता. बैलाच्या नालेचा, आखूड, डोक्यापर्यंत आत गेलेला. मी तो पकडीनं ओढून काढला. ती समोर भेंडी चिरत बसली होती. तिचा हात थांबला नाही.

तेव्हा मला भीती वाटली. कसली ते सांगता आलं नसतं.

हळद भरली, चुना लावला. टाच सुजली, मग काळी पडली, मग वास यायला लागला. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरनं पट्टी सोडली आणि टाच वळवून बघितली. चालताना पायात काय घालता, त्यानं विचारलं.

ती म्हणाली, "देवाला जाताना पायात कोण घालतं?"

तो तिथंच स्टुलावर बसला. मग आम्हाला समजावून सांगितलं. हा रोग पायातली जाण मारतो. काटा, चटका, काही कळत नाही. चालायला सांगितलं ते बरोबरच होतं, पण कुणी अनवाणी चालेल हे त्याच्या मनात आलं नाही. आणि देवाला चालतो हे आम्ही कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तो गेल्यावर ती छताकडं बघत पडली. मला वाटलं झोपली.

"म्हंजे ते देवाचं नव्हतं," म्हणाली.

मी तिच्या पायावरचं पांघरूण ओढून घेतलं. त्यानंतर ती माझ्याशी पाणी दे, कूस वळव, एवढंच बोलली. पाय कापायचं ठरलं होतं. त्याच्या आधीच ताप डोक्यात गेला.

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात, बसवूनच माती देतात. मांडी घालून बसवली, लुगड्यानं पाय झाकले. बायका पाया पडायला वाकल्या आणि त्यांना पाय सापडंनात. खांदा देणाऱ्यांना जड गेली नाही. जे उतरवायला आम्ही निघालो होतो, ते सगळं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा भोंगा झाला तसा उठलो. तोंड धुतलं. कोपऱ्यात तांब्या होता, तो घेतला नाही. पोरगी जागीच होती.

"अप्पा, कुटं निघालाव?"

"चालायला," म्हणालो.

वहाणा घातल्या. समोरची म्हातारी ओट्यावर होती, तिनं काही विचारलं नाही. त्याच रस्त्यानं तळ्यापर्यंत गेलो, लिंगापुढं जाऊन उभा राहिलो. फरशी कुणीतरी धुऊन काढली होती. झाडणारी बाई म्हणाली, बाबा, पायातलं काडा की. मला ऐकू आलं.

"न्हाय काडत," म्हणालो.

ती पुटपुटत झाडत राहिली. मी ऊन पायरीवर येईपर्यंत तसाच उभा राहिलो, आणि मग घरी आलो.