मेक्सिकोचं झबलं

आमच्या देवळाली प्रवरेत मेक्सिको मी आणला, आणि आईने तो पहिल्याच आठवड्यात परत पाठवायचा प्रयत्न केला. "कुठं आलं म्हणायचं हे गाव? दौंडच्या पुढं का?" असं तिने मशीनवरून मान वर न करता विचारलं होतं. दौंडच्या बऱ्याच पुढं, असं मी सांगितलं. "मग तिथंच बरं हाय ते," ती म्हणाली आणि ब्लाऊजची बाही जोडायला लागली.

बाजारपेठेत आईचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश आणि बाळंतविडा शिवावा तर तिनेच. मी पुण्याला जाऊन कपड्यांच्या डिझाईनचा कोर्स केला, वर्षभर तिथे नोकरी केली, साहेबाशी भांडले आणि परत येऊन तिच्या शेजारी दुसरं मशीन टाकलं. राग माझ्या नाकावर असतो, हे मी नाकारत नाही. लहान मुलांचे कपडे मी करणार आणि ते माझ्या पद्धतीने करणार, एवढं एकच म्हणणं होतं माझं.

ती पद्धत मला कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड चित्रांच्या पुस्तकात सापडली होती. मेक्सिकोतल्या खेड्यांतल्या बायकांचं भरतकाम. कोंबडे, ससे, हरणं, नाव माहीत नसलेली पाखरं, सगळी एकमेकांत घुसलेली. निळा ससा, जांभळं हरीण, शेपटीतून फूल उगवलेलं, फुलातून पुन्हा एक पाखरू. आमच्या मॅडम सारख्या सांगायच्या, मोकळी जागा सोडा, डिझाईनला श्वास घेऊ द्या. या बायकांनी बोटभर जागा सोडली नव्हती आणि तरी सगळे प्राणी मजेत दिसत होते. मी उभ्या उभ्या पान न् पान मोबाईलवर काढून घेतलं.

देवळालीत सुरुवातीला गंमतच झाली. फ्रॉक बघायला आलेली एक बाई बराच वेळ चित्रावर बोट ठेवून उभी राहिली. "कोंबडी निळी का गं ही?" मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "तिकडं अशाच असतात." बाईने मान डोलावली आणि फ्रॉक घेतला. आईला हसू आवरेना म्हणून ती बॉबिन शोधायच्या निमित्ताने मशीनखाली वाकली. तिकडे सणाला रंगीत कागद कातरून पताका लावतात, तशी नक्षी मी परकराच्या घेराला कातरून घेतली, ती शाळकरी पोरींना फार आवडली. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे मात्र आईने आजतागायत मानलेलं नाही. "मग दसऱ्याला आधी काय लावायचे?" असं ती विचारते.

त्या वर्षी माझ्या भाचीची पहिली संक्रांत होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नेवाशाच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात दिलेली. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालायचे, चौरंगावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि पोरांनी ती लुटायची. आमच्याकडे याला लूट म्हणतात. झबलं आणि दागिने जातात माहेरून.

ताईचा महिनाभर आधीच फोन आला. "साधं शिव. काळं झबलं, गळ्याला पांढरी किनार, बास. लग्नात मानपानाच्या साड्यांवरून जे झालं, त्यावरून मला किती ऐकावं लागलं तुला ठाऊक आहे. आता कुठं घरात जरा बरं चाललंय. तुझे ते प्राणी नकोत."

मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या काळ्या कापडावर नक्षी उतरवायचा पिवळा कार्बन अंथरला. काळ्यावर ते रंग काय उठून दिसतील, हेच माझ्या डोक्यात होतं. सगळ्या भावकीतल्या बायका येणार होत्या. त्या झबलं हातात घेऊन बघतील, कुणी केलं म्हणून विचारतील. मी स्वतःला सांगत होते की हे भाचीसाठी चाललंय. ते माझ्यासाठी चाललं होतं.

महिनाभर दुकान बंद करून घरी आले की मी तेच घेऊन बसायचे. बाह्यांवर ससे, पाठीवर हरणाची जोडी, खाली काठाला माशांची रांग. पोटावर मधोमध पुस्तकातलं एक गोलमटोल गुलाबी पाखरू घेतलं. त्याचे डोळे म्हणजे माझा जीव. झेंडूच्या पाकळ्यांसारखी नारिंगी कडी, आत पिवळं, त्याच्या आत पुन्हा नारिंगी, मध्ये काळा ठिपका. एकेका डोळ्याला तीन तीन दिवस लागले. बाळाला दोरे टोचू नयेत म्हणून आतून मलमलचं अस्तर लावलं. आईने झबलं उलटं करून इस्त्री केली, मग सुलटं करून पोटावरच्या पाखराकडे बराच वेळ बघत राहिली. "अस्तर बेस लावलंय," एवढंच म्हणाली. मला राग आला. महिनाभराच्या कामाला अस्तर बेस, म्हणजे काय.

लुटीच्या दिवशी राहुरीला एसटी बदलून आम्ही दोघी दुपारी पोचलो. ताईने आतल्या खोलीत पिशवी उघडली, झबलं पलंगावर पसरलं आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते. ती हळू आवाजात म्हणाली, "हे साधं?"

मी काही बोलायच्या आत बायका खोलीत आल्या. ताईची सासू, तिच्या मागून चुलत सासू, आणखी चार-पाचजणी. झबलं हातोहात फिरलं. ससे आवडले, मासे आवडले. मी मनात फुगत होते. चुलत सासूबाईंनी ते खिडकीपाशी उजेडात नेलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"घुबड हाय ना हे?" त्या म्हणाल्या.

मी झबल्याकडे नीट बघितलं. गोल डोकं, मान नाही, वाकडी चोच, ते दोन डोळे. घुबड. दुसरं काही असूच शकत नव्हतं. महिनाभर मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बसले होते आणि ते गुलाबी आहे म्हणून मला कळलं नव्हतं. आणि मी काय मुंबईत वाढले होते का? आमच्याकडे तान्ह्या बाळाचे कपडे दिवेलागणीच्या आत दोरीवरून काढतात, वरून घुबड गेलं तर बाळ झिजतं म्हणून. लहानपणी शेजारच्या बाळाची दुपटी गोळा करायला मीच पळायचे. तेच घुबड मी अस्तर लावून बाळाच्या पोटावर बसवलं होतं.

"पहिल्या संक्रांतीला कुनी घुबड घालतं का लेकराला?" चुलत सासूबाई म्हणाल्या. "म्हायेरच्यांनी इचार तरी करायचा."

ताईची मान खाली गेली. तिच्या लग्नात ती अशीच मान खाली घालून उभी होती ते मला आठवलं.

तेव्हा आईने आपली पिशवी ओढली आणि हलव्याच्या डब्याखालून दुसरं झबलं काढलं. काळं, साधं, गळ्याला पांढरी किनार. "घाई नको विहीणबाई, हे हाय की," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. इस्त्री करतानाच तिने घुबड ओळखलं होतं. मला सांगितलं असतं तर मी भांडले असते, ऐकलं नसतंच. म्हणून तिने मला न सांगता साधं शिवून घेतलं होतं. मला लाज वाटली. इतकी की खोलीतून बाहेर जावंसं वाटलं, पण दारात बायका होत्या.

"ते बेस झालं," कुणीतरी म्हणालं. चुलत सासूबाईंनी माझं झबलं घडी न करता पलंगावर टाकलं.

ताईने दोन्ही झबली बघितली. मग तिने माझं उचललं, बाळाला मांडीवर घेतलं आणि एक हात बाहीत घातला. "हेच घालायचं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीनं महिनाभर बसून केलंय. तिच्या हातचं माझ्या लेकीला बाधणार नाही."

सगळ्यांनी सासूकडे बघितलं. सासूबाई शांतपणे हलव्याचा मुकुट डब्यातून काढत होत्या. "घाल की," त्या म्हणाल्या. "आन जाऊबाई, घुबडाचं म्हनाल तर आपल्या उसात ते रोज हाय. ते हाय म्हनून उंदरं कमी हायेत. त्याला बसायला मीच बांधावर काठ्या रोवल्यात. माझं काय झिजलं?" सासूबाईंचं वजन बघता ते कुणी नाकारू शकलं नाही. सगळ्यांत आधी चुलत सासूबाईच हसल्या.

लूट झकास झाली. बाळ बोरांना घाबरून आधी रडलं, मग उसाचा तुकडा चोखत बसलं. पोरांनी चौरंग उलथवायचा बाकी ठेवला. दोघीतिघींनी असंच शिवून मागितलं, एकीने वर सांगितलं, "घुबड नको, मोर काढ." मी मान डोलावली.

बायका ओटीवर बसल्या आणि ताई चहा टाकायला आत गेली. मी तिच्या मागे गेले. तिने आधी माझ्या दंडाला कळवळून जाईन असा चिमटा काढला.

"तुला काय सांगितलं होतं मी?"

"साधं शिव."

"सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या नसत्या तर काय झालं असतं?"

"तू आईचं झबलं घातलं असतंस," मी म्हटलं.

"नाही," कप मांडता मांडता ताई म्हणाली. "तुझंच घातलं असतं. आणि मग ह्या घरात जे ऐकून घ्यावं लागलं असतं, ते घेतलं असतं."

मी ट्रे धरून उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. "चुकलं माझं, ताई," मी म्हणाले. पुढे 'पण' न लावता.

"गाळणी घे," ती म्हणाली. "चहा उतू चाललाय."