डिसेंबरातले दादा

डिसेंबर लागला की दादा भरदुपारी घरातले सगळे दिवे लावायचे. ट्यूबलाइट, बाथरूममधला बल्ब, अगदी ओट्यावरच्या चिमणीचा दिवासुद्धा. सिंगापुरात वुडलँड्सच्या बसस्टॉपवर उतरलं की आमचा फ्लॅट लग्नघरासारखा उजळलेला दिसे. कोणी विचारलं तर म्हणत, "म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही ना बाप्पा." वय तेव्हा पन्नाशीच्या आतच होतं, आणि एरवी वर्षभर ते जहाजाच्या आराखड्यातली केसाएवढी रेघ चष्म्याशिवाय वाचत.

मी त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. दादा नागपूरचे, सेम्बावांगच्या गोदीत इंजिनिअर. वहिनी नागपूरलाच शाळेत शिकवत. सिंगापुरात हिवाळा नसतो असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण नोव्हेंबर सरता सरता आभाळ खाली उतरतं, पाऊस मुक्काम ठोकतो आणि आठवडेच्या आठवडे भांडी विसळलेल्या पाण्यासारखा उजेड पडतो. त्या उजेडात दादा विझत. दाढी वाढे, डबा तसाच परत येई. फोन वाजला की मला खुणेने सांगत, मी नाही. मी वहिनींना सांगे, दादा आंघोळीला गेलेत. एकदा त्या म्हणाल्या, "दिवसातून किती वेळा आंघोळ करतात हो ते?"

दुःखापेक्षा त्यांना लाजच जास्त होती. "नोकरी चांगली, इथं कायम राहाचं पीआर भेटलं, पोरगी शिकून राह्यली. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या विहिरी खोदल्या, त्याले उदास व्हायले टाइम नव्हता. अन् मी ढग आले म्हणून रडतो! सांगू कोणाले?"

उघड रडायला त्यांना वर्षात एकच जागा होती. सहा डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनाला आमचं इथलं मंडळ भाड्याच्या हॉलमध्ये अभिवादनाला जमत असे. फोटोपुढे मेणबत्ती लावताना दादांना हुंदका आवरत नसे. मंडळात त्यांच्या निष्ठेचा बोलबाला झाला. आमचे अध्यक्ष हातात आलेला माइक सहसा सोडत नसत. ते नव्या लोकांना दादा दाखवत, "पाहा, याला म्हणतात श्रद्धा!" दादा मान खाली घालून घरी येत आणि दिवे लावून बसत. एकदा मला म्हणाले, "त्या फोटोच्या आडून मी माझं रडणं खपवतो बे. याहून हलकं काम नाही."

पुढच्या डिसेंबरात मीच सकाळी अंथरुणातून उठेना. "सर्दी आहे," मी म्हणालो. दादांनी माझ्या खोलीतला दिवा लावला.

"काहून खोटं बोलतो? सर्दी झालेला माणूस शिंकते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला खालच्या कॉफीशॉपमध्ये नेलं. दाढी वाढलेले आम्ही दोघं कॉफी पीत बसलो. उठताना म्हणाले, "रोज दुपारच्या आत उन्हाच्या जागी येऊन बसायचं. ऊन असो का नसो."

नंतरच्या वर्षी त्यांनी नागपूरला परतायचं ठरवलं. मंडळाने अभिवादनाच्या दिवशीच त्यांचा सत्कार ठेवला, निष्ठेबद्दल शाल. ती बातमी आल्यापासून दादा धड जेवले नाहीत. हॉलमध्ये अध्यक्षांनी शाल उलगडली, तेव्हा दादांनी त्यांचा हात धरला आणि फोटोकडे पाहत माइक मागून घेतला.

"शाल नका देऊ. मी यांच्यासाठी रडत नव्हतो. डिसेंबरात माझं मनच बसते. इथं रडलं तर कोणी काही विचारत नाही, म्हणून इथं रडलो. माफ करा."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "ही आमच्या दादांची नम्रता!" टाळ्या पडल्या, शाल पांघरली गेली, फोटो निघाला. तरी अध्यक्षांचा हात दादांच्या खांद्यावरच होता. दुसऱ्या फोटोची वाट पाहत असतील, असं मी शेजारच्याच्या कानात सांगितलं. तो हसला.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये दादा शाल मांडीवर घेऊन बसले होते. "खरं सांगितलं, तरी चोरीच राह्यली ना."

विमानतळावर ती शाल त्यांनी माझ्या हातात दिली. "पांघरून झोपू नको. खुर्चीवर टाक, अन् खुर्ची खिडकीपाशी ठेव."

आता दादा नाहीत. माझं लग्न झालं, फ्लॅट झाला, मुलगी झाली. डिसेंबर मात्र गेला नाही. घरात मी कधी बोललो नाही. दादा निदान भरल्या हॉलमध्ये बोलले होते.

यंदाही एका दुपारी मी दिवे लावत फिरत होतो. लेकीला म्हटलं, "डोळ्यांना दिसत नाही गं हल्ली."

तिने फोनमधून मान वर न करताच इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हटलं, "बाबा, एव्हरी डिसेंबर ऑल्सो लाइक दॅट. वी नो, लाह." मग उठली आणि माझ्याकडून राहिलेला ओट्यावरचा दिवा तिने लावला.

मी खिडकीपाशी, त्या शालीवर जाऊन बसलो. कान तापले होते. आणि इतक्या वर्षांनी अध्यक्षांचा तो हात आठवला. फोटो तर पहिल्याच झटक्यात निघाला होता; हात त्यानंतरही खांद्यावरच होता, म्हणजे लेकीसारखं त्यांनाही ठाऊक होतं.