दादाची पालथी पानं
दादाच्या तेराव्यानंतर कपाटात पत्त्यांचा डबा सापडला आणि समता कॉलनीतल्या गच्चीवरची ती दुपार आठवली. आम्हा दोघांनाही पुण्यात नोकरी मिळाली होती. पोकरचा एकच डाव, जिंकेल त्याने जायचं, हरेल त्याने आजारी आईजवळ राहायचं. दोघांची सामाईक मधली पानं उघडण्याआधीच दादाने चिंचोक्यांची बोली एकदम वाढवली. भारी पानांशिवाय तो तसं कधी करत नसे. मग तीन पानं उघडली. त्यांत राजा सर्वांत मोठा, आणि माझ्या हातातही राजा, म्हणजे राजांची जोडी. मी घाबरतच सगळे चिंचोके पुढे लोटले. "हव, जिंकला तू पोट्ट्या. जा पुण्याले," म्हणत त्याने पानं पालथी टाकली आणि तो आईला औषध द्यायला खाली गेला. मी ती उलटली. दोन एक्के, माझ्या राजांच्या जोडीपेक्षा मोठी जोडी. क्षणभर मला ती ओळखूच येईनात. मग मी ती पुन्हा पालथी ठेवली आणि बॅग भरायला गेलो. मी पाहिलं होतं, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.