एका ओळीने सरकलेले निकाल

ब्राह्मणपुरीच्या शांतीलाल पाटलांची सून कामिनी घरी बसून एक सॉफ्टवेअर सांभाळायची. रक्ततपासणीच्या शिबिरात नळीचा क्रमांक आणि माणसाचं नाव यांची जोडी लावून ते निकालाचा कागद छापायचं. ते मोफत होतं. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. सहा वर्षं त्यातल्या चुका मात्र तीच निस्तरत आली होती. काल तिने ही मुभा देणाऱ्या परवान्याचा मजकूर बदलला, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्याची एक ओळ बसवली आणि नवी आवृत्ती सर्वांसाठी खुली केली.

आज सकाळी अकराला खांडबाऱ्याच्या शिबिरातून रोशनी सिस्टरचा फोन आला. "ताई, पहिल्या कागदावर नावाच्या जागी परवाना की काय ते छापलंय. आणि यादीतल्या शेवटच्या धनुबाईचा कागदच नाही. बाकीचे एकतीस वाटले."

कामिनीच्या लक्षात आलं, ती ओळ नावांच्या यादीच्या फाइलवरही पहिलं नाव म्हणून बसली होती, आणि सगळी नावं एक ओळ खाली सरकली होती! प्रत्येकाच्या हातात पुढच्या माणसाचा निकाल गेला होता. आणि तपासणी सिकलसेलची, रक्ताच्या आनुवंशिक आजाराची.

"सिस्टर, एकाही कागदावर विश्वास ठेवू नका. सगळे परत घ्या."

गुपचूप दुरुस्त करून टाकावं, असं क्षणभर मनात आलंच. पण आणखी किती शिबिरं चालू असतील? तिने सॉफ्टवेअरच्या पानावर लिहिलं, 'कालची आवृत्ती वापरू नका. निकाल चुकतात. चूक माझी आहे.' मग ओळखीच्या सगळ्या शिबिरांना एकेक फोन लावला.

दारातून सासू पार्वतीबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?"

"मन्ही चूक व्हयनी, आई."

मग ती ओळ काढून तिने नवी यादी काढली आणि फोनवर सिस्टरबरोबर वाटलेल्या कागदांशी ताडली. वाहरूच्या कागदावर 'निरोगी' होतं. खरा निकाल आजाराचा. आणि सिस्टर म्हणाली, वाहरू तर कामासाठी सुरतेला निघालाय.

रोशनी स्टेशनकडे पळाली. फोन चालूच होता. कामिनीला तिची धाप ऐकू येत होती, गाडीची घोषणा, गर्दीचा गलका.

"सापडला!"

मागून वाहरूचा चिडका आवाज आला. "सकाळी निरोगी, आता आजारी. कुणाचं खरं धरू?"

"दादा, कागद माझ्यामुळे चुकला," कामिनी म्हणाली. "पुन्हा रक्त द्या. तोवर जाऊ नका."

गाडी गेली. वाहरू थांबला, पण शिव्या घालतच.

संध्याकाळपर्यंत एकतीसच्या एकतीस कागद परत आले. फेरतपासणीतही वाहरूचा निकाल आजाराचाच निघाला; त्याला गोळ्या सुरू झाल्या. कामिनीने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, पण लगेच खुलं केलं नाही. रोशनीच्या शिबिराच्या नोंदवहीतल्या नावांशी एकेक निकाल दोनदा ताडून पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी नवी आवृत्ती दिली.